म्हशी नसलेलं चित्र

डॉक्टरांनी हाताची पोकळ मूठ केली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तुमच्या आईंना आता एवढंच दिसतं. कडेचं गेलं, मधलं राहिलंय.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवता येते, आणि टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब टाकायचे, जन्मभर, एकाही दिवसाचा खाडा न करता, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. मी मान हलवत होते. आई शेजारी स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. तिला काही कळलं नसेल असं डॉक्टरांनी धरलं होतं आणि मीही. तिने मध्येच विचारलं, थेंब टाकले तर किती दिवस दिसेल. नीट टाकलेत तर मरेपर्यंत, आजी, असं ते म्हणाले. "मंग टाकीन," आई म्हणाली आणि पदर सावरून उठली.

पनवेलहून सुकापूरला परत येताना ती रिक्षात दांडी धरून बसली होती. पुलाजवळ गाड्या अडकल्या तेव्हा म्हणाली, "माज्या म्हशींचा एक बी फोटू नाय ना गो आपल्याकडं?"

नव्हता. म्हशींचा फोटो कोण काढतं? आमच्या घरात फोटो म्हणजे लग्नातले, आणि एक माझा, पदवीचा काळा झगा घालून स्टुडिओत काढलेला.

"मंग कोनाकडून तरी चित्र काढून घे," आई म्हणाली. "सांजच्याला घरी येतात तशा. पाची. नजर हाय तवर बघून घेते एकदा."

माझ्या आईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर आधीची फाटली नाही म्हणायची. त्यामुळे मला बरं वाटलं. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा मी खरंच म्हटलं होतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझ्या मनात पहिल्यापासूनच पाप होतं.

आमचं गाव जासईच्या बाजूला, खाडीला लागून. बाबा मिठागरावर जायचे आणि आईच्या पाच म्हशी होत्या. म्हशी सकाळी खाडीपलीकडच्या गवतावर जायच्या, आपल्या आपण. संध्याकाळी भरतीचं पाणी चढायला लागलं की आई बांधावर उभी राहून नाकातून एक लांब आवाज काढायची. तो आवाज मला कधीच काढता आला नाही. मग पलीकडून एकेक डोकं पाण्यात उतरायचं. नुसती शिंगं आणि नाकपुड्या पाण्याच्या वर. त्या पोहत यायच्या आणि बांधाच्या अलीकडे चिखलातून वर चढायच्या. त्या वेळी ओल्या पाठींवर आभाळाचा रंग पडलेला असायचा. लोकांना म्हैस म्हणजे काळी वाटते. पाण्यातून बाहेर आलेली म्हैस संध्याकाळी तांब्याच्या हंड्यासारखी दिसते, आणि अंगावरचा खारा चिखल वाळला की राखेसारखी. हे मी शोधलेलं नाही. पुढे आईने चित्रकाराला सांगितलं तेव्हा मलाही आठवलं.

आता ती खाडी बुजली. भराव पडला, गवत गेलं. आईने काही दिवस विकतचा पेंढा घालून म्हशी ठेवल्या, मग एकेक करून त्या गेल्या. मी त्याच भागात एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करते. कागदपत्रांचं सगळं काम माझ्या हाताखाली आहे, आठ माणसं आहेत. खिडकीतून एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात. आमचा बांध नेमका कुठे होता, मला सांगता येणार नाही. आईला नेलं असतं तर तिने सांगितलं असतं. नेलं नाही.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. घरातलीच काय, आमच्या आळीतली पहिली. हे मी ओळख झाल्यावर दोन मिनिटांत सांगते आणि त्याची मला लाज नाही. पण कॉलेजात मी कशी गेले ते सांगत नाही. सकाळच्या एसटीने, पायाशी दुधाचा कॅन घेऊन जायचे. पनवेलच्या स्टँडजवळ एका मिठाईच्या दुकानात कॅन द्यायचा, दुकानाच्या मागच्या नळावर हात धुवायचे आणि वर्गात जाऊन बसायचं. पहिल्या वर्षी पुढच्या बाकावरची एक मुलगी मी आले की नाक वर करून हुंगायची आणि म्हणायची, "आली गं आमची डेअरी." सगळ्या हसायच्या. मीपण हसायचे. तीन वर्षं हसले. त्या हसण्यावरून मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. आला म्हशींचा.

चित्रकार मला जुन्या पनवेलमध्ये सापडला. साठीच्या पुढचा माणूस. आधी शाळांच्या गॅदरिंगचे, गावच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, रस्ता, असे गुंडाळून ठेवायचे पडदे. फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं. आता कुणी सांगितलं तर बंगल्यांसाठी मोठी चित्रं करतो. मी त्याला सांगितलं, आईच्या म्हशी काढायच्या आहेत, फोटो नाही, ती सांगेल तशा काढायच्या. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, आजी बोलक्या आहेत का.

तो लागोपाठ चार रविवारी आमच्याकडे आला. तेव्हा आम्ही जुन्या भाड्याच्या घरात होतो, नवा फ्लॅट तयार होत होता. आई खुर्चीत आणि तो खाली सतरंजीवर, मांडीवर वही घेऊन. आई सांगायची, तो पेन्सिलने काढायचा, मग ती वही नाकाला लावायची आणि उरलेल्या नजरेने चित्राचा एकेक तुकडा तपासायची.

पहिल्या रविवारी वही बघून म्हणाली, "ही म्हस हाय का गाढाव?"

"आजी, गाढवाला शिंगं असतात का?"

"तूच काढलीस. तुलाच इचार."

तो इतका हसला की त्याची पेन्सिल घरंगळत सोफ्याखाली गेली. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. म्हशीच्या पोटाचा घेर त्याला येत नव्हता, तर आईने उठून दोन्ही हात पसरून दाखवला. शिंग कसं वळतं ते कोपर वाकवून दाखवलं. पाचींना तिने नीट रांगेत लावलं. पुढे कान फाटलेली म्हातारी, ती बाकीच्यांना आणायची. तिच्यामागे कपाळावर पांढरा टिळा असलेली. मग एक शिंग मोडकी, तिच्या बाजूला चिकटून तिचीच लेक, ती मोठी झाली तरी आईच्या पोटाला पोट लावून पोहायची. आणि सगळ्यात शेवटी एक उशीर करणारी. ती पाण्यातच रेंगाळायची, तिच्यासाठी आईला दुसऱ्यांदा आवाज द्यायला लागायचा. चित्रकाराने विचारलं, तिला पाण्यात दाखवू का, बाकीच्या चौघी बांधावर? आई म्हणाली, तीच तर गोष्ट हाय.

मी आतबाहेर करत होते, चहा देत होते. मला आईचा अभिमान वाटत होता. इतकी वर्षं ती आमच्या घरात एका कोपऱ्यात भाजी निवडत बसायची, आणि इथे एक कलाकार माणूस तिच्यासमोर खाली बसून शिकत होता.

मग नव्या फ्लॅटचं काम संपत आलं. फर्निचर करणारा माणूस हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, मॅडम, सोफ्याच्या वरची भिंत रिकामी आहे, तिथे एक मोठं पेंटिंग पाहिजे, पूर्ण हॉल त्याच्यावर उठून दिसेल. मी सांगितलं, पेंटिंग होतंय, गावाकडचं, संध्याकाळचं, गुरं घरी येतात ते. तो म्हणाला, एकदम बेस्ट, आणि मोबाइलवर मला दोन-तीन चित्रं दाखवली. सोनेरी उजेड, वडाचं झाड, मागे निळे डोंगर, धूळ उडवत येणाऱ्या पांढऱ्या गायी. एकीच्या गळ्यात घंटा. मी म्हटलं, आमच्यात म्हशी आहेत. त्याने मान हलवली आणि म्हणाला, म्हशी जरा डार्क होतील.

बस. एवढंच तो म्हणाला. कुणी माझ्या डोक्यावर पिस्तूल ठेवलं नव्हतं.

वास्तुशांतीला नवऱ्याकडची माणसं पुण्याहून येणार होती. दोन पिढ्या नोकरीतली माणसं. वाईट नाहीत. मला कधी कुणी टाकून बोललेलं नाही. माझ्या ऑफिसचे साहेब येणार होते. मला ती सगळी सोफ्यासमोर उभी दिसायला लागली. आणि सोफ्याच्या वर सहा फुटांत चिखलाने भरलेल्या पाच म्हशी. कुणीतरी विचारणार, म्हशी का? मग मी सांगायचं. मग कॅन, एसटी, दुकानामागचा नळ. माझ्या नवीन हॉलमध्ये मला तो वास नको होता.

नवरा म्हणाला, अगं, पण आईंना म्हशी हव्या होत्या ना. मी म्हटलं, तिला एक वेगळं छोटं करून घेऊ, तिच्या खोलीत लावू. तो म्हणाला, तुझं तू बघ. त्याने मला आठवण करून दिली होती, हे खरं आहे. तेव्हा यात मी त्याला ओढणार नाही.

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी चित्रकाराला फोन केला. सांगितलं, गायी करा. पांढऱ्या. मागे डोंगर, एक मोठं झाड, संध्याकाळचा उजेड. पाणी नको, रस्ता दाखवा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजींना विचारलंत?"

"मी सांगतेय ना."

"मॅडम, गायी मी डोळे मिटून काढतो. चाळीस वर्षं काढतोय. म्हशी काढायच्या होत्या."

मी म्हटलं, चित्र माझ्या भिंतीवर लागणार आहे. वाक्य बरोबर होतं. आमच्या घरात सगळी बरोबर वाक्यं मीच बोलते. शाळेच्या दाखल्यापासून फ्लॅटच्या करारापर्यंत सगळे कागद मी वाचले, सगळीकडे कुठे सही करायची ते मी दाखवलं. बाबांना मी अंगठ्याच्या जागी नाव लिहायला शिकवलं. घरातल्या कुठल्याही गोष्टीत मी म्हणेन ते शेवटचं, आणि ते मी कमावलेलं आहे असं मला वाटायचं. छोट्या चित्राचं मी चित्रकाराला बोललेच नाही. नंतर सांगू म्हटलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी चित्र आलं. टेम्पोतून, जुन्या चादरीत बांधून. चित्रकार स्वतः आला नाही. भिंतीवर लावल्यावर मला मान्य करावं लागलं की सुरेख होतं. डोळे मिटून काढलेलं असेल, पण हात पक्का होता. आई तेव्हा जुन्या घरीच होती. तिला दुसऱ्या दिवशी पूजेला आणलं.

पूजा झाली, जेवणं झाली. दुपारी चार-साडेचारला सगळे हॉलमध्ये बसले होते. नवऱ्याची एक आत्या चित्राकडे बघून म्हणाली, "गोधूलिवेळा. किती शांत वाटतं गं बघून." त्यावर सगळ्यांनी हं हं केलं. गायींच्या खुरांनी उडालेल्या धुळीवरून संध्याकाळचं नाव. मला ते तेव्हा फार छान वाटलं. आमच्याकडे धूळ नव्हतीच. चिखल होता. चिखलावरून कुणी वेळेचं नाव ठेवत नाही.

आईने तेवढ्यात विचारलं, चित्र आलं का. कुणीतरी म्हटलं, हे काय आजी, समोर आहे. ती उठली. मी तिला थांबवणार होते, पण माझ्या हातात सरबताचा ट्रे होता. ती सोफ्यापर्यंत चाचपडत गेली, साहेब उठून बाजूला झाले, आणि ती गुडघे सोफ्यावर टेकवून भिंतीशी चढली. चेहरा कॅनव्हासला लागेल इतका जवळ नेला. डावीकडून सुरुवात केली. तिची नजर मुठीएवढी, आणि चित्र सहा फुटांचं. ती एकेक वीत सरकत होती. झाड बघितलं. डोंगर बघितला. गायीशी आली, थांबली, पुढे गेली. परत मागे आली.

सगळे बघत होते. पुण्याच्या आत्याबाई कौतुकाने हसत होत्या.

उजव्या कडेपर्यंत गेल्यावर आई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "बाय, म्हशी कुठं हायत?"

मला खरं सांगायला तेव्हा दोन शब्द लागले असते. म्हशी नाहीत. पण मग पुढचं सांगायला लागलं असतं, सगळ्यांसमोर. मी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि म्हटलं, "आहेत की, आई. डावीकडे, झाडाच्या बाजूला."

ती परत झाडाकडे सरकली. झाडाखाली चित्रकाराने गडद तपकिरी सावली रंगवली होती. ती सावली तिने नाक लावून बघितली. डोळे बारीक करून, मग एक डोळा मिटून.

"पाची हायत?"

"पाची."

"मंग मला कशा दिसत नायत?"

मी म्हटलं, संध्याकाळ आहे ना चित्रात, अंधार पडलाय, म्हणून. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, आजी, चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा. आई खाली उतरली. साडीचा सोगा नीट केला आणि मला म्हणाली, "चांगल्या काढल्यात ना गो त्यानं?" मी म्हटलं, हो, फार छान.

त्यानंतर घरी कुणीही आलं की ती सांगायची, त्या चित्रात माझ्या म्हशी आहेत, मला नाही दिसत, पण माझी लेक सांगते ना. येणारी माणसं चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी खूण करायचे. म्हातारं माणूस आहे, सांभाळून घ्या, अशी. ती खूण मला लगेच जमली. आणि लोकांनाही लगेच कळायची. सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

हळूहळू आई भाजी निवडायची बंद झाली. तांदूळ निवडायची बंद झाली. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायची, ते थांबलं. बाल्कनीत बसून राहायची. मला वाटलं, नवीन जागा, करमत नसेल. कामाला एक बाई येते, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरची, पन्नाशीची. ती मला एकदा म्हणाली, ताई, आजी भिंतीला हात लावून चालतात हल्ली. मी म्हटलं, वय झालं. डोळ्यांत टाकायची बाटली मी दर महिन्याला वेळेवर आणत होते, एकदाही चुकले नाही. आईच्या कपाटात ठेवायचे आणि कामावर जायच्या आधी विचारायचे, टाकले का थेंब? ती म्हणायची, टाकले. तिला दुसऱ्याने थेंब घातलेले आवडायचे नाहीत. पाच म्हशींची धार काढलेली बाई मी, दोन थेंब मला पडत नाहीत का, असं म्हणायची. मी तिच्यावर विश्वास ठेवला. माणसाने आईवर ठेवावा तसा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी यंत्र लावलं, काढलं, परत लावलं. डोळ्यातला दाब खूप वाढलेला होता. एका डोळ्याला नुसता उजेड कळत होता, दुसऱ्यात बारीक फट राहिली होती. त्यांनी मला विचारलं, थेंब चालू आहेत ना? मी म्हटलं, चालू आहेत. आणि आई म्हणाली, नायत.

डॉक्टर चिडले. आजी, मी इतकं सांगितलं होतं, एक दिवस चुकवायचं नाही.

"टाकून काय करू?" आई शांतपणे म्हणाली. "सा फुटाचं चित्र डोल्यासमोर, त्यातल्या माज्या पाच म्हशी मला दिसल्या नाय. सगल्यांना दिसल्या. तवाच समाजलं, डोलं गेलं. गेलेलं परत येत नाय, तुमीच बोललात. मंग कशाला टाकाचं?"

डॉक्टरांनी मला विचारलं, कुठलं चित्र? मी म्हटलं, घरात आहे एक.

बाहेर बाकावर आम्ही गोळ्या मिळायची वाट बघत बसलो. दुपारचे बारा वाजले असतील. समोर एक बाई कडेवरच्या मुलाला खिडकीतून गाड्या दाखवत होती. मी आईला सांगितलं. चित्रात म्हशी नाहीत, कधीच नव्हत्या, मी त्याला गायी काढायला सांगितल्या होत्या. त्या दिवशी तुझे डोळे बरोबर होते.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. आमच्याकडच्या बायका शिव्या चांगल्या देतात. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती हातातली पिशवी चाचपत बसली.

"तुला लाज वाटली," ती म्हणाली.

"हो."

"माजी का म्हशींची?"

तोंडावर बोलणारी बाई म्हणून माझी ऑफिसात ओळख आहे. साहेबांनासुद्धा मी चूक असली तर चूक म्हणते. त्या बाकावर मला एक शब्द सुचला नाही. आता लिहायला हरकत नाही. दोघींची.

नंबर पुकारला, गोळ्या आणि नवीन बाटली मिळाली. घरी येऊन मी आईचं कपाट उघडलं. आधीच्या बाटल्या साड्यांच्या घडीमागे एका ओळीत उभ्या होत्या, सील न फोडलेल्या. मी दर महिन्याला एक ठेवायला कपाट उघडत होते. मागे हात घालून बघितलं नव्हतं.

मी चित्रकाराला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, वही आहे माझ्याकडे, येतो. दुसऱ्याच रविवारी आला. सोफा पुढे ओढून, जमिनीवर पेपर पसरून, शिडीवर चढून त्याने गायी पुसायला घेतल्या. एकेका गायीवर जाड रंग भरून ती बुजवली. निळे डोंगर खाली आणले, धूळ घालवली, रस्त्याच्या जागी पाणी केलं. फर्निचरवाल्याने निवडलेला सोनेरी रंग त्याने फक्त म्हशींच्या ओल्या पाठींवर ठेवला. तीन रविवार गेले. आई जवळ खुर्ची टाकून बसायची, पण पहिल्यासारखी हात पसरून दाखवायची नाही. त्याने काही विचारलं तर तेवढंच सांगायची. एकदा तो म्हणाला, आजी, माझं गाढव झालं तर सांगा हां. आई हसली नाही. तिसऱ्या रविवारी तो खाली उतरला, हात पुसले, आजींच्या पाया पडला आणि चहा न घेता गेला.

सोमवारी सकाळी मी कामावर जायची तयारी करत होते. कामवाली केर काढत हॉलमध्ये आली होती. आई चित्रासमोर उभी होती, तोंड वर करून. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"आई, आता आहेत गं," मी म्हटलं. "पाची आहेत. म्हातारी पुढे आहे, कान फाटलेला. तिच्यामागे टिळेवाली. तू सांगितल्यास तशाच काढल्यात."

आईने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडून तोंड फिरवून केराच्या आवाजाच्या दिशेला वळली.

"बाय," ती कामवालीला म्हणाली, "तू सांग. म्हशी हायत का?"

कामवालीने केरसुणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी खूण केली नाही.

"हायत आजी," ती म्हणाली. "एक, दोन, तीन, चार. चार बांधावर. आन एक पाण्यात हाय अजून, नुसतं डोस्कं वर."

"मोडक्या शिंगाची कितवी?"

"तिसरी."

"तिच्या बाजूला कोन?"

"हाय एक. अंगाला अंग लावून."

आईने मान हलवली आणि भिंतीला हात लावत बाल्कनीत गेली.

आता थेंब मी टाकते, सकाळ-संध्याकाळ. ती डोकं मागे करते, मी टाकते. त्या फटीतूनही आता फारसं काही येत नाही, तरी टाकायचे असं डॉक्टर म्हणाले. बोलणं आमचं बंद नाही. जेवलीस का, गरम आहे, पंखा लाव, हे सगळं होतं. पण जे डोळ्यांनी बघून सांगायचं ते ती मला विचारत नाही. दारात कोण आलं, दूध उतू गेलं का, तिच्या साडीला डाग आहे का, मी ताटात वाढलेली भाजी कुठली. मी तिथेच उभी असते. सांगितलं तरी ती ऐकून घेते आणि कामवाली आली की तिला परत विचारते.

रविवारी ती बाई येत नाही. रविवारी आई काही विचारत नाही.